बर्फातले बिऱ्हाड



वैशाखाच्या या उकाड्यात, हातातल्या पंख्याने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे उत्तर ध्रुवाकडच्या हिवाळ्याविषयी बोलायला आम्हांला उभे केले, यात संयोजकांचा काही दयाळू हेतू असला पाहिजे. विषय जाहीर झाल्यापासून पुष्कळांनी आम्हांला विचारले, की कामगार संघटनेच्या माणसाचा बर्फाशी संबंध काय? बोनसवर बोला, कंत्राटी पद्धतीवर बोला. ते तुमचे क्षेत्र. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग मुख्य विषयाकडे वळतो.

आमच्या संघटनेत शीतगृहांतले कामगार आहेत. परदेशी पाठवायची मासळी उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या हवेत गोठवतात आणि मग उणे १८ किंवा त्याहून थंड कोठारात रचून ठेवतात. बाहेर ३५ अंश आणि आत उणे १८. एका दाराच्या दोन बाजूंना पन्नासांहून अधिक अंशांचे अंतर! त्या दारातून दिवसभर ये-जा करणारी माणसे आपल्याच जिल्ह्यांतली, आंबा-काजूच्या मुलखातली. एका ठिकाणी आम्ही पाहिले, की तीन पाळ्यांना मिळून कोट तेवढेच होते, जेवढी एका पाळीत माणसे. पहिल्या पाळीच्या घामाने आतून ओला झालेला कोट दुसऱ्या पाळीच्या माणसाने अंगात चढवायचा. तक्रार नेली तेव्हा उत्तर मिळाले, "कोट दिलेला आहे. आता थंडी वाजते ती अंगाला नव्हे, मनाला."

या 'मनाला' शब्दाला उत्तर द्यायचे, तर थंडी म्हणजे काय हे आधी आपल्याला कळले पाहिजे. आमची शाळा सातवीत सुटली. १९८२ साली गिरण्या बंद पडल्या तेव्हा वडील घरी बसले आणि आम्ही कामाला लागलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि सभांत झाले. त्याच सवयीने थंडीवरची पुस्तके मिळतील तिथून मिळवून वाचू लागलो; आणि वाचता वाचता उत्तर नॉर्वेतल्या मासळी-कामगारांशी पत्रव्यवहार जुळला. त्या ओळखीतून २०१९ सालच्या मार्च महिन्यात आमचे चौघांचे ट्रॉम्सो शहरी जाणे झाले. कारखाने पाहिले, कायदे समजून घेतले, आणि शेवटी आठवडाभर त्यांच्यासोबत बर्फाळ डोंगरात तंबू ठोकून राहायला शिकलो. जे वाचले, पाहिले आणि अंगावर घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

उत्तर ध्रुव मराठी माणसाला अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सहा महिन्यांच्या रात्रीची व लांबलेल्या उषेची चर्चा आपल्या घराघरांत पोचवली. आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात होते हा त्यांचा सिद्धांत आजचे विद्वान मान्य करीत नाहीत. पण शिक्षा झाल्यावर ज्यांच्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९०८ साली सहा दिवस काम बंद ठेवले, त्या लोकमान्यांचे बोट धरूनच आपल्यातले अनेक जण प्रथम ध्रुवाकडे गेले, हे विसरता येत नाही. गंमत अशी, की ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९०३ साली, रोआल्ड आमुंडसेन नावाचा नॉर्वेचा एक तरुण सहा सोबत्यांसह 'योआ' नावाच्या लहानशा जहाजातून कॅनडाच्या उत्तरेकडे निघाला. टिळक ग्रंथांतून ध्रुवाचा शोध घेत होते. आमुंडसेनने दुसरा मार्ग धरला. तिथे राहणाऱ्या लोकांच्या घरी तो शिकायला गेला.

त्याच्या आधीची हकीकत सांगितल्याशिवाय या शिकण्याचे मोल कळणार नाही. १८४५ साली इंग्लंडहून सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली दोन जहाजे कॅनडाच्या उत्तरेतून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायला गेली. 'एरेबस' आणि 'टेरर' ही त्यांची नावे. त्या काळची उत्तमातली उत्तम सामग्री बरोबर होती, डबाबंद अन्न होते, ग्रंथालय होते. १२९ माणसे गेली आणि एकही परतले नाही. ती जहाजे समुद्राच्या तळाशी सापडली ती २०१४ आणि २०१६ साली. आता पाहा, ज्या प्रदेशात ही माणसे उपासमारीने आणि आजाराने मेली, त्याच प्रदेशात इनुइट लोक बायकामुलांसह पिढ्यान् पिढ्या संसार करीत होते!

ही गोष्ट नेमकी ओळखली ती जॉन रे या स्कॉटिश डॉक्टराने. हा हडसन बे कंपनीच्या नोकरीतला माणूस. बर्फावर चालायचे जाळीदार जोडे, बर्फाच्या विटांचे घर, हलके सामान, वाटेत शिकार करून पोट भरणे, हे सारे तो तिथल्या क्री आणि इनुइट लोकांकडून शिकला. १८५३-५४ चा हिवाळा त्याने आपल्या माणसांसह बर्फाच्या घरांत काढला आणि फ्रँकलिनच्या माणसांचे काय झाले याची पहिली खरी बातमी इनुइटांकडून ऐकून १८५४ साली इंग्लंडला आणली. शेवटी शेवटी त्या भुकेल्या माणसांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले, असेही त्या बातमीत होते. लंडनमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्ससारख्या गरिबांच्या कैवाऱ्याने लेख लिहून विचारले, की या रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा? पुढे शतकाहून अधिक काळाने हाडांवरच्या सुरीच्या खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा इनुइटांचेच बोलणे खरे ठरले. जॉन रेला मात्र 'सर' ही पदवी कधीच मिळाली नाही. ज्यांना काम येते त्यांची साक्ष धरायची नाही आणि ज्यांना हुद्दा आहे त्यांचा शब्द प्रमाण मानायचा, ही रीत काही फक्त आपल्या कारखान्यांतलीच नव्हे!

आमुंडसेनने ही रीत मोडली. त्याने किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे मुक्काम केला आणि नेत्सिलिक इनुइटांकडून रीतसर शिकवणी घेतली. बर्फ कोणता चांगला, विटा कशा कापायच्या, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, रेनडिअरच्या कातड्याचे कपडे कसे घालायचे. हे कपडे दुपदरी असतात; आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्या थराचे केस बाहेर, आणि शिवण सैल. सैल का, तर अंगाची दमट वाफ बाहेर पडावी म्हणून. हीच शिदोरी घेऊन तो १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. तसेच मॅथ्यू हेन्सनचे. हा अमेरिकेतला कृष्णवर्णी कामकरी, पिअरीच्या मोहिमांचा खरा आधार. इनुइट भाषा तो बोलायचा, गाड्या दुरुस्त करायचा, कुत्री हाकायचा. १९०९ साली पिअरीच्या शेवटच्या मजलेत हेन्सन होता आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू व ऊकेआ हे चार इनुइट होते. त्यांची ती मजल नेमकी ध्रुवावर पोचली की नाही यावर आजही वाद आहे. पण वाद नसलेली गोष्ट ही, की परतल्यावर मान पिअरीला मिळाला आणि हेन्सनने पुढची बरीच वर्षे न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत कारकुनी केली. १९८८ साली त्याच्या अस्थी सन्मानाने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेल्या, तेव्हा त्याला जाऊन तेहेतीस वर्षे झाली होती.

आता थंडीकडे वळू. थंडी नावाचा कोणी शत्रू अंगात शिरत नाही. अंगातली ऊब बाहेर जाते, तिलाच आपण थंडी म्हणतो. ऊब नेणारे मुख्य दोघे. पहिला वारा. उणे १० अंशांची हवा स्थिर असेल तर सोसवते. पण ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या कातडीला ती उणे २० सारखी लागते. दुसरा चोर त्याहून लबाड, तो म्हणजे पाणी. हवेच्या मानाने पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब ओढून नेते. आणि कोरड्या बर्फात पाणी येते कोठून? आपल्याच घामातून. म्हणून तिकडचा पहिला धडा असा, की घाम येऊ द्यायचा नाही. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापते. चढ लागण्याआधी थांबून वरचा कपडा काढायचा, आणि विसाव्याला बसताच, हुडहुडी भरण्याची वाट न पाहता, तो पुन्हा घालायचा. अंगाला लागून सुती कपडा कधीच नसावा, लोकरीचा असावा. सूत घाम धरून ठेवते, लोकर ओली झाली तरी काहीशी ऊब राखते.

हे ऐकताना आमच्यासोबतचे एक जण, मूळचे रत्नागिरीकडचे, शीतगृहात वीस वर्षे पेट्या वाहिलेले, आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, म्हणजे आपला तो ओला कोट अंगात घालण्यापेक्षा न घातलेला बरा होता की!" एवढा लांबचा प्रवास त्या एका वाक्याने सार्थकी लागला. थंडी मनाला वाजते म्हणणाऱ्यांना द्यायचे उत्तर सापडले होते, आणि ते मोजून दाखवता येण्याजोगे होते.

आमच्या शिक्षिका साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. उभे आयुष्य मासळीच्या कारखान्यात सुरीकाम केलेल्या. त्यांची शिकवण्याची तऱ्हा आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींसारखी. व्याख्यान कमी, हात धरून करून घेणे जास्त. घरातून निघण्यापूर्वी त्यांनी आमचे सारे सामान जमिनीवर मांडायला लावले, नको ते बाजूला काढले आणि उरलेले पुल्क नावाच्या घसरगाडीवर बांधले. ही गाडी कमरेच्या पट्ट्याला जोडून माणसाने ओढायची. पायांत लांब स्की. समुद्रालगतच्या ट्रॉम्सोला उबदार प्रवाहामुळे थंडी बेताची, पण आत पठारावर गेले की हवा बदलते. फिनमार्कच्या पठारावरच्या कारास्योक गावी १८८६ साली उणे ५१.४ अंशांची नोंद झाली आहे. आमच्या वाट्याला आली ती उणे बावीस. तीही आम्हांला पुरून उरली.

या मुलखाचे मूळ रहिवासी सामी लोक. रेनडिअर पाळणे हा त्यांच्यातल्या पुष्कळांचा परंपरेचा व्यवसाय. आपल्या शेतकऱ्याला जसा मृगाचा पाऊस वेगळा, हस्ताचा वेगळा, वळीव वेगळा आणि झड वेगळी, तसे बर्फाच्या एकेका अवस्थेला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत. कारण जनावराला खुराने उकरून खालचे शेवाळ मिळेल की नाही, हे त्या अवस्थेवर ठरते. त्यांच्या केसाळ बुटांत मोज्यांऐवजी एक वाळवलेले गवत भरण्याची रीत होती. दिवसभरात ते पायाचा ओलावा शोषून घेते, रात्री काढून वाळवायचे. नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, तेव्हा सहा जणांपैकी दोघे, बाल्टो आणि राव्ना, सामी होते. ती मोहीम हिवाळाभर तिथे अडकली, तेव्हा नान्सेन ग्रीनलंडच्या लोकांत राहून त्यांची होडी चालवायला शिकला. ज्ञान घेताना त्याने कोणाची पायरी पाहिली नाही.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर विसावा नसतो. खरे काम तिथूनच सुरू होते. पायांखालचा बर्फ आधी स्कीने तुडवून घट्ट करायचा. तंबू उभारताना पहिली गोष्ट, त्याची वाऱ्याकडची बाजू बांधून घ्यायची आणि मगच कापड उलगडायचे. नाही तर घर डोळ्यांदेखत उडून जाते. खुंट्या भुसभुशीत बर्फात राहत नाहीत, म्हणून त्या किंवा स्की आडव्या पुरून त्यांवर बर्फ दाबतात. थोड्या वेळाने तो दगडासारखा होतो. वाऱ्याकडे बर्फाच्या विटांची भिंत घालायची. तंबूच्या दाराशी आत गुडघाभर खड्डा खणायचा. थंड हवा त्यात उतरते आणि बूट घालायला, स्वयंपाकाला बैठक मिळते.

मग चूल. ती पाहताच आम्ही चौघे हसलो. तो आपला पितळी स्टोव्हच होता! हवा भरायची, आधी तापवायचा, भुर्रकन पेटवायचा, आणि तोंड चोंदले की पिनने साफ करायचे. चाळीतल्या प्रत्येक आईला ज्याची नाडी ठाऊक होती, तो प्रायमस स्टोव्ह १८९२ साली स्टॉकहोममध्ये निघाला. नान्सेनने आणि आमुंडसेनने तो बर्फात नेला, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला परळ-लालबागच्या खोल्यांतही तो पोचला. तिकडे असा स्टोव्ह आजही वापरतात, याला कारण आहे. डब्यातला ब्युटेन वायू शून्याच्या खाली वाफ होऊन वर येतच नाही. हवेच्या दाबावरचा द्रव इंधनाचा स्टोव्ह मात्र पेटतो. दुरुस्ती करायला आमच्यातल्या कोणाला शिकवावे लागले नाही. त्या बाईंनी मान डोलावली आणि स्टोव्हचे खाते कायमचे आमच्याकडे सोपवले.

बर्फाच्या राज्यात माणूस तहानेने मरू शकतो. गोठणबिंदूवरच्या बर्फाचे पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापवता येते. म्हणून बर्फ तोंडात टाकून तहान भागवणे म्हणजे अंगातले सरपण जाळणे होय. भांड्यात नुसता कोरडा बर्फ टाकला तर तळ करपतो. आधी थोडे पाणी घालायचे, मग हळूहळू बर्फ. चौघांना दुसऱ्या दिवसापर्यंत पुरेल एवढे पाणी करायला दोन तास गेले. त्या दोन तासांत आम्हांला मैल दोन मैल हंडे वाहणाऱ्या आपल्या गावाकडच्या बायांची आठवण झाली. पाणी आयते नसते, हे तिथे पुरुषांना नव्याने शिकावे लागते.

तिसऱ्या रात्री बर्फात गुहा खणून राहिलो. ताजा बर्फ म्हणजे हवेने भरलेली गोधडीच. बाहेर उणे बावीस असता आत शून्याच्या थोडेसे खाली असते. पण गुहा खणण्यात शास्त्र आहे. तोंड खाली आणि निजायचा ओटा वर, म्हणजे ऊब वर साठते आणि थंड हवा तोंडातून ओघळून जाते. छत आतून घुमटासारखे गुळगुळीत करायचे, म्हणजे थेंब अंगावर न पडता कडेने उतरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छताला काठीने भोक पाडायचे आणि ते रात्रभर मोकळे ठेवायचे. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तोच विषारी वायू इथेही असतो आणि त्याला वास नसतो. म्हणून आळीपाळीने पहारा. ज्याची पाळी, त्याने भोक पाहायचे आणि शेजाऱ्याला हाक मारायची.

सोबत्याने सोबत्याकडे पाहत राहायचे, हा दुसरा मोठा धडा. नाकाचा शेंडा, कान, गाल यांवर हिमदंशाचा पांढरा डाग उमटतो तो ज्याचा त्याला दिसत नाही आणि दुखतही नाही. तो समोरच्यालाच दिसतो. म्हणून दर थोड्या वेळाने एकमेकांची तोंडे पाहण्याचा नियम आहे. डाग दिसला तर उघड्या उबदार तळहाताने झाकायचा. बोट असेल तर काखेत धरायचे. बर्फाने चोळायचे ही जुनी समजूत घातक आहे. अंगाची ऊबच उतरू लागली, की माणूस आधी अडखळतो, मग बोलणे बोबडे होते, मग तो चिडतो किंवा गप्प बसतो आणि "मला काही झाले नाही" म्हणतो. त्या वेळी त्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. थंडी आधी बुद्धीलाच पकडते. एकट्या माणसाचे शौर्य तिथे चालत नाही. चालते ती जोडी.

आता डोंगरातले सर्वांत मोठे भय, हिमप्रपात. बर्फ थराथराने पडतो, आणि एखादा खालचा थर कच्चा राहिला तर वरची लादी माणसाच्या वजनाने तुटून खाली येते. तीस अंशांहून अधिक उताराचा डोंगर असला की सावध व्हायचे, आणि नुसता उतारच नव्हे, त्याच्या पायथ्याची सपाट जागाही धोक्याची. कारण घसरलेला बर्फ लांबवर धावत येतो. सोबत तीन वस्तू हव्यातच. संदेश देणारे-घेणारे लहान यंत्र, लांब काठी आणि फावडे. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर बहुधा तो वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत वेळ संपलेला असतो. वाचवणार तो शेजारचाच माणूस. आणि हे संकट साहसी लोकांवरच येते असे नाही. स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावात १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगराचा बर्फ वस्तीवर आला, अकरा घरे हलवून गेला आणि दोन जीव गेले. त्यांत एक मूल होते. ५ मार्च १९८६ रोजी नार्विकजवळ वास्दालेन खोऱ्यात सैनिकी सरावाच्या वेळी सोळा तरुण सैनिक असेच गाडले जाऊन मेले.

पाचव्या दिवसाची हकीकत सांगतो. एका डोंगरी झोपडीपर्यंत जायचे होते. तिकडच्या गिर्यारोहण मंडळाची स्थापना १८६८ ची. त्याच्या पुष्कळ झोपड्यांत पहारेकरी नसतो. वाटसरूने किल्ली घेऊन यायचे, सरपण जाळायचे, कोठारातला शिधा घ्यायचा आणि हिशेब आपण होऊन द्यायचा. त्या झोपडीला तीन किलोमीटर उरले असताना वारा वाढला आणि उडत्या बर्फाने पुढची खूण दिसेनाशी झाली. बाई थांबल्या. त्यांनी प्रत्येकाला विचारले आणि विचारण्याची सुरुवात सर्वांत मागे पडलेल्यापासून केली. त्याने मान हलवली. झाले, आम्ही सारे माघारी फिरलो. पुढे जाऊ शकणारे आमच्यात होते, पण मत विचारले गेले ते सर्वांत दमलेल्याचे, आणि तेवढे पुरले.

नॉर्वेत १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत अठरा माणसे मेली. त्यानंतर तिथल्या गिर्यारोहण मंडळाने आणि रेड क्रॉसने डोंगरात वागण्याचे नियम घरोघर पोचवले. २०१६ साली ते नव्याने मांडले. एकूण नियम नऊ. बेत आखा आणि कोणाला तरी सांगून जा, हवामान आणि हिमप्रपाताचा अंदाज पाहा, नकाशा-होकायंत्र वापरा, आणि असेच. त्यांतला आठवा नियम तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्याचा आशय असा, की वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

श्रोतेहो, संघटनेत काम करणाऱ्याला हा नियम फार खोल लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या संपाच्या कारणांचा किंवा नेत्यांचा न्याय करायला आम्ही आज उभे नाही. मागण्या खऱ्या होत्या आणि माणसे हिमतीची होती. पण वाऱ्याचा जोर वाढला तेव्हा सर्वांत मागे पडलेल्याला कोणी विचारले का, हा प्रश्न आम्ही त्या पठारावर उभे असताना मनात आला आणि अजून गेलेला नाही. माघार आणि पराभव या दोन गोष्टी आपण एक समजतो. तिकडे तसे समजत नाहीत. परत आलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो.

हाच विचार त्यांनी कायद्यात घातला आहे. त्या बाई कारखान्यात कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा-प्रतिनिधी होत्या. १९७७ च्या तिथल्या कायद्याने अशा प्रतिनिधीला अधिकार दिला, की कामगाराच्या जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका दिसला आणि दुसरा उपाय नसला, तर त्याने काम थांबवावे. सरकारी निरीक्षक ठरवीपर्यंत ते थांबलेले राहील, आणि त्यामुळे मालकाचे नुकसान झाले तरी भरपाई त्या प्रतिनिधीकडून मागता येणार नाही. आपल्याकडे भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या प्रक्रियेतल्या कामगाराला धोका नजरेस आणून देण्याचा अधिकार मिळाला. नजरेस आणणे आणि थांबवणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढे आपल्याला अजून चालायचे आहे.

नॉर्वेलाही हे शहाणपण फुकट मिळाले नाही. स्वालबार्डवर न्यू-ओलेसुन येथे सरकारी मालकीच्या कोळशाच्या खाणीत ५ नोव्हेंबर १९६२ रोजी स्फोट होऊन एकवीस खाणकामगार मेले. सुरक्षेतल्या हयगयीवरून एवढे रान उठले, की पुढच्या वर्षी तिथले मजूर पक्षाचेच सरकार कोसळले. खाण बंद झाली. आज त्याच न्यू-ओलेसुनमध्ये शास्त्रज्ञांची वस्ती आहे आणि तिथेच १ जुलै २००८ रोजी आपल्या देशाचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून आपले लोक तिथे ध्रुवीय रात्रीतही काम करू लागले. वस्तीबाहेर जायचे तर ध्रुवीय अस्वलासाठी बंदूक आणि ती चालवण्याचे शिक्षण लागते. दारांना कुलूप न घालण्याची तिथे वहिवाट आहे, कारण अस्वलापुढून पळणाऱ्याला कोणतेही दार उघडे सापडले पाहिजे. आपले तरुण ज्या भूमीवर सुखरूप वावरतात, तिच्याखाली एकवीस कामगारांच्या मरणाचा धडा आहे, हे त्यांना ठाऊक असावे असे आम्हांला वाटते.

बर्फात राहण्याची ही विद्या शिकायला नॉर्वेलाच गेले पाहिजे असे नाही. दार्जिलिंगला १९५४ साली गिर्यारोहण संस्था निघाली आणि तिथे शिकवायला तेनसिंग उभे राहिले. १९६५ साली उत्तरकाशीला दुसरी निघाली. सह्याद्रीत भटकणारी आपली मुले तिथे जातात, त्यांनी जरूर जावे. एकच मागणे आहे. दोर कोणी बांधला, पाणी कोणी केले, वाट कोणी दाखवली, त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि परत आल्यावर आपल्या नावाआधी सांगावीत.

आता त्या कोटांविषयी. परत आल्यावर आम्ही व्यवस्थापनापुढे भाषण केले नाही. एक कोरडा कोट आणि एक पाळी संपल्यावरचा ओला कोट, दोन्ही तराजूत घालून वजन दाखवले आणि ओलाव्याने ऊब किती वेगाने जाते याचे टिपण दिले. माणशी एक कोट, वाळवायला उबदार खोली आणि ठरावीक वेळाने गरम पाण्याची सुट्टी, एवढे त्या ठिकाणी मिळाले. इतर ठिकाणी अजून मिळायचे आहे. पाळीवर एकटा माणूस आत पाठवायचा नाही, जोडीनेच पाठवायचा, ही मागणी अजून टेबलावर आहे. ती मान्य होईपर्यंत आमचे बिऱ्हाड त्या थंड दाराशीच आहे, असे समजावे.